मानेवरचे जू

टेंभुर्णीच्या परिसरात गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. गाडीवान कितीही घाईत असो, गाडी थांबली की तो आधी बैल सोडतो, त्यांना पाणी दाखवितो आणि मगच स्वतः टेकतो. थकलेला बैल जुंपणे म्हणजे बैल गमावणे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. पांढरपेशा वर्गास मात्र स्वतःच्या मानेवरचे जू उतरविण्याचे भान उरलेले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

रविवारची सुट्टी आपणांस आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांस यश येऊन १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही सुट्टी मान्य केली. गरीब कामगारांनी झगडून मिळविलेला तो दिवस सुशिक्षित माणूस आज खिशातील दूरध्वनीच्या स्वाधीन निमूटपणे करीत आहे.

त्याची किंमत प्रकृतीस मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्यास ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांस, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०२४ च्या जुलैत पुण्यातील एका तरुण लेखापाल महिलेचा नोकरीस लागल्यावर सुमारे चार महिन्यांनी अंत झाला. तिच्या आईने अतिश्रमांकडे बोट दाखविले. संस्थेने ते कारण मानले नाही. वाद काहीही असो, त्या घरची पोकळी भरून निघणारी नाही.

पोटासाठी राबणाऱ्याने विसावा घ्यावा तरी कसा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पहिली जबाबदारी वरिष्ठांची. रात्री निरोप धाडून सकाळी उत्तर मागणाऱ्या अधिकाऱ्याने ही सवय सोडावी. तथापि हक्काची रजाही न घेणारे आपल्यात थोडे नाहीत. आपल्यावाचून कचेरी अडेल हा भ्रम होय. निवृत्ताच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी दुसरा बसतोच. झोप उडाली, छाती धडधडू लागली, मुलांवर विनाकारण हात उगारला जाऊ लागला, की वैद्याकडे जावे आणि रजेचा अर्जही त्याच दिवशी लिहावा. गाडीवान बैलास जितके जपतो, तितके तरी आपण स्वतःस जपावे.