सुट्टी ही मेहेरबानी नव्हे!

वैशाख पौर्णिमेची सुट्टी म्हणजे राज्यकर्त्यांची मेहेरबानी, असे ज्यांना वाटते त्यांनी सिंहलद्वीपाचा इतिहास पाहावा. इंग्रजी अमदानीत तेथील बहुसंख्य बौद्धांना स्वतःच्याच देशात या दिवशी सुट्टी नव्हती. १८८३ साली ईस्टरच्या दिवशी कोलंबोतील कोटाहेना येथे बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला. अपराध्यांना शासन झाले नाही. तेव्हा बौद्ध स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संरक्षण समिती स्थापिली आणि १८८४ साली कर्नल ऑल्कॉट यांच्यामार्फत आपले गाऱ्हाणे थेट लंडनला नेले. २८ एप्रिल १८८५ रोजी त्यांना वैशाखाची पहिली सुट्टी मिळाली. आज आपल्या विहारांवर फडकणारा बौद्ध ध्वजही त्याच दिवशी तेथे प्रथम उभारला गेला.

मग ती सुट्टी ते झोपेत घालवितात काय? मुळीच नाही! शुभ्र वस्त्रे नेसून ते अष्टशील पाळतात, दारी कागदी कंदील लावतात, रस्त्यावर ‘दानसल’ मांडून येईल त्यास विनामूल्य अन्न देतात. मद्याची व मांसाची दुकाने बंद असतात.

आणि आपण? झगडून मिळालेला हा दिवस पत्ते कुटण्यात आणि दारूच्या गुत्त्यात दवडणाऱ्याने पंचशील कोणत्या तोंडाने म्हणावे? येत्या वैशाख पौर्णिमेस मुलाबाळांसह विहारात चला. या दिवसाचा इतिहास त्यांना तेथेच सांगा!