पूजा धर्माची, नेमणूक व्यवहाराची

गावच्या देवळाचा पुजारी वारला की दहाव्यापासूनच कुजबुज सुरू होते. आता पूजा कोणाकडे, थोरल्याकडे की धाकट्याकडे? अन् पूजेमागची इनामी जमीन कोणी कसायची? भांडण गाभाऱ्यात सुरू होते, बांधावर येते आणि तहसील कचेरीत जाऊन बसते. म्हणून शेतीच्या या पानावर आज पुजारी-पाळकांच्या नेमणुकीचा विषय घेतला आहे.

वाचकहो, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. पूजा, मंत्र, दीक्षा हा धर्माचा भाग. त्यासाठी माणूस नेमणे हा व्यवहाराचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली तामिळनाडूतील शेषम्माळ खटल्यात हेच सांगितले. बापामागे मुलगाच पुजारी, ही वहिवाट सरकार कायदा करून बंद करू शकते. पूजा मात्र त्या देवळाच्या रीतीप्रमाणेच व्हायला हवी. पुढे २००२ साली केरळच्या खटल्यात निकाल आला, की विधी शिकलेला माणूस केवळ ब्राह्मण नाही म्हणून त्याची नेमणूक बेकायदा ठरत नाही.

आपल्या राज्यातले उदाहरण पंढरपूरचे. १९७३ च्या कायद्याने बडवे, उत्पात आणि सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क रद्द झाले. कोर्टकचेरी मात्र जानेवारी २०१४ पर्यंत चालली. म्हणजे एक पिढी त्यातच गेली. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपणासाठी अर्ज मागवले. पण हे ऐकून घाई करू नका. तो कायदा पंढरपूरपुरता आहे. त्याचा हवाला देऊन ग्रामसभेने उद्या गुरवाला काढायचा ठराव केला, तर तो टिकायचा नाही. शिवाय त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दिवाबत्ती केलेली असते, त्याचीही जाण हवी.

दुसरी रीत पाहायला लांब जायला नको. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना तिथेच पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या पंथाच्या रीतीत मंडळीने पाळकाला बोलवायचे, मग जाणत्यांनी त्याला पारखून दीक्षा द्यायची. पाळकाचा मुलगा आपोआप पाळक होत नाही. कॅथलिक पंथात तर धर्मगुरू लग्नच करीत नाहीत, त्यामुळे वारशाचा प्रश्नच नाही. बरीच वर्षे शिक्षण घेतल्यावर बिशप दीक्षा देतात. तिथे स्त्रियांना ही दीक्षा नाही. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये मात्र २०१३ साली आंध्रातील नंद्याळला एक स्त्री बिशप झाली. म्हणजे वाद तिथेही आहेत. पण कोण नेमतो आणि कोणाच्या सहीने, याबद्दल घोळ नसतो.

आपल्या गावात घोळ नेमका तिथेच होतो. पूजेचा हक्क, जमिनीचा हक्क आणि पेटीतला पैसा या तिन्हींची एकच मोट बांधली जाते. देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन पुजाऱ्याला सेवेसाठी कसायला दिलेली असते, मालकीने नव्हे. २०२१ साली मध्य प्रदेशच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जमिनीचा मालक देव. पुजारी फक्त सांभाळणारा. अशी जमीन कमी भावात मिळते म्हणून खरेदी करणारा शेतकरी शेवटी फसतो. पैसा जातो, पीकही जाते.

तेव्हा तीन कामे करा. पहिले, देवस्थानच्या जमिनीचा सातबारा आजच काढून पाहा. मालक म्हणून देवाऐवजी माणसाचे नाव लागले असेल तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या. दुसरे, न्यास नोंदलेला आहे का ते धर्मादाय कार्यालयात विचारा. नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तिसरे, पुजाऱ्याचे काम, मानधन, दक्षिणेचा वाटा आणि त्याच्यामागे नेमणूक कशी व्हायची हे विश्वस्तांनी त्या घराला सोबत बसवून कागदावर आणावे. हक्काचा वाद असेल तर तो कोर्टात सुटेल, ग्रामसभेच्या गोंधळात नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी या वादात कोणाची बाजू घेऊ नये, कागद मात्र मागावा. पुजारी धडधाकट असतानाच हे बोलणे सोपे असते. तो गेल्यावर दोन भाऊ आणि दोन वकील बोलतात, अन् देवाच्या रानात तण माजते.