भाडेकरू महिन्यांचे, खांब लाकडाचे

इमारतीत लाकूड म्हटले की आपल्याला आधी दोनच गोष्टी आठवतात : वाळवी आणि आग. तरीही भर लंडनमध्ये, शोरडिच भागात, २०२३ मध्ये सहा मजली लाकडी कचेरी उभी राहिली. ‘ब्लॅक अँड व्हाइट बिल्डिंग’ असे तिचे नाव, आणि वॉ थिसलटन ही तिची रचनाकार मंडळी. बीच वृक्षाचे पातळ पापुद्रे चिकटवून, दाबून तिचे खांब आणि तुळया घडवल्या आहेत. हे कोणा एका कंपनीचे दप्तर नव्हे. टेबल किंवा खोली काही महिन्यांपुरती घ्यावी, काम वाढले तर मोठी, आटले तर लहान, असा इथला सामायिक व्यवहार.

याच मंडळींनी २००९ मध्ये लंडनमध्येच, मरे ग्रोव्ह येथे, नऊ मजली निवासी इमारत पूर्ण केली होती. तळमजला सोडला तर सारी लाकडाची! मग घरांकडून लाकूड कचेऱ्यांकडे का वळले? याचे उत्तर बरेचसे ग्रेनफेल टॉवरमध्ये आहे. जून २०१७ मधील त्या आगीत ७२ माणसे गेली. वास्तविक ती इमारत काँक्रीटची. भडकले ते बाहेरून लावलेले ज्वलनशील आवरण. पण २०१८ अखेर इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला बंदी आली आणि तिच्या कचाट्यात लाकडी भिंतीही सापडल्या. कचेऱ्या मात्र सुटल्या.

म्हणजे कचेरीत धोका नाही, असे थोडेच आहे? जाड लाकूड बाहेरून जळते आणि त्याचा कोळसाच आतल्या भागाला झाकतो. मऊ लाकडात हा वेग मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर धरतात, म्हणून खांब गरजेपेक्षा जाड ठेवतात. मात्र थर जोडणारा गोंद उष्णतेने सुटला, तर आतले ताजे लाकूड ज्वाळांपुढे उघडे पडते. विमा कंपन्या हात आखडता घेतात ते उगाच नव्हे. आगीइतकीच त्यांना गळक्या नळाचीही धास्ती असते.

काँक्रीटच्या तुलनेत बांधकामातला कार्बन ३७ टक्के कमी, असा या इमारतीबद्दलचा दावा आहे. पण झाडाने हवेतून घेतलेला कार्बन लाकूड टिकते तोवरच बांधलेला राहतो. ते कुजले वा जाळले की तो पुन्हा हवेत. तेव्हा खरा प्रश्न इमारतीच्या आयुष्याचा. पुण्यातील वाडे सागवानी खांब-तुळयांवर उभे असत आणि घर मोजत ते खणांत. कुटुंब वाढले, वाटण्या झाल्या, तरी सांगाडा तोच राही. सामायिक कचेरीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही : खांब हलवायचे नाहीत, आडोसे हलवायचे.

अडचण धंद्याची आहे. याच व्यवसायातल्या ‘वुईवर्क’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भाडेकरू महिन्यांच्या हिशेबाने येणार आणि चालकही दहा-पंधरा वर्षांत बुडू शकणार. पण लाकडाचा हिशेब जुळायला इमारत साठ-सत्तर वर्षे उभी हवी. तेवढी वर्षे ती राखण्याची हमी आज कोणत्याच भाडेकरारात लिहिलेली नसते.