पाहुण्या संघाचा हक्क

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर एक शब्द रोज छापून येतो, ‘पाहुणा संघ’. त्याच्या समोर ‘यजमान संघ’. परगावाहून खेळायला आलेल्याला आपली भाषा पाहुणा म्हणते. मग मैदान चांगलं की वाईट हे कुणाला विचारायचं? पाहुण्यालाच ना? घर कसं आहे हे घरमालकाला विचारून कधी कळलंय का?

मी महाड-पोलादपूरच्या भागात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. आमची नववी-दहावीची पोरं रात्री जागून मोबाइलवर युरोपातले फुटबॉल सामने बघतात आणि सकाळी वर्गात डोळे चोळत बसतात. मधल्या सुट्टीत वाद एकच : पाहुण्यांसाठी सगळ्यात जबरदस्त मैदान कोणतं, सगळ्यात बेकार कोणतं? एक जण लिव्हरपूलच्या ॲनफिल्डचं नाव घेतो, दुसरा डॉर्टमुंडचं. न्यूकॅसलला पाहुण्या प्रेक्षकांना सातव्या मजल्यावर चढून बसावं लागतं, हेही त्यांना पाठ आहे. पण शेवटी बहुतेकांचं एकमत होतं ते इस्तंबूलच्या गालातासराय क्लबवर. का? तर म्हणे, तिथे पाहुण्या संघाची फाटते. वर तुर्कस्तान म्हटलं की आमच्या मुलांची छाती जरा जास्तच फुगते. मालिका बघितल्यात ना!

माझा या मोजपट्टीलाच विरोध आहे.

1993 साली मँचेस्टर युनायटेड इस्तंबूलला खेळायला गेला तेव्हा ‘नरकात स्वागत असो’ अशा अर्थाचे फलक घेऊन लोक उभे होते. ही गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते. पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. एप्रिल 2000 मध्ये त्याच शहरात लीड्स युनायटेडचे दोन समर्थक सामन्याच्या आदल्या रात्री भोसकून मारले गेले. ते सामना बघायला आले होते. मुसाफिर होते. आपल्याकडे जकातीचे जे आठ हकदार सांगितलेत, त्यांत मुसाफिरही आहे. कुणी परका, कुठल्या धर्माचा, हरला की जिंकला, याआधी तो वाटेवरचा माणूस आहे. मेहमाननवाजीच्या गोष्टी आपण दस्तरखानावर बसून करायच्या आणि पाहुण्यांना घाबरवणाऱ्या मैदानाला पहिला नंबर द्यायचा, हे कसं चालेल?

‘मॅडम, मग गप्प बसून सामना बघायचा का?’ असं मुलं विचारतात. अजिबात नाही. ढोल वाजवा, ओरडा, पेनल्टी घेणाऱ्याला शिट्ट्या मारून हैराण करा. आवाज हा मैदानाचा जीव आहे. पण खेळाडूच्या पायांवर आवाज करणं वेगळं आणि त्याच्या आईवर, जातीवर, नमाजवर आवाज करणं वेगळं. हा फरक कळत नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. सगळ्यांना कळतो.

दुसरा युक्तिवाद मोठ्या माणसांचा असतो. भांडणं होतात ना, मग बाहेरच्यांना बोलावूच नका. इंडोनेशियात नेमकं हेच केलं होतं. 1 ऑक्टोबर 2022 ला मलंग भागातल्या कंजुरुहान मैदानावर पाहुण्या संघाच्या एकाही समर्थकाला प्रवेश नव्हता. यजमान हरले, त्यांचेच लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि 135 माणसं गेली. पाहुणा नव्हताच, तरी घर जळलं. दोष पाहुण्यात नसतो, दारांत आणि दारं सांभाळणाऱ्यांत असतो.

आता इस्तंबूल आणि मलंग सोडून आपल्या गावी येऊ. भातकापणी झाली, शेतं सुकली की आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मांडव, चषक, माइकवर कॉमेंट्री. शाळांच्या स्पर्धा वेगळ्या. मुलांबरोबर मी अशा पुष्कळ मैदानांवर जाते, तेव्हा माझी यादी मी सांगते. माझ्या यादीत खेळपट्टी नसते. पिण्याचं पाणी कुठे ठेवलंय? मुलींसाठी बंद होणाऱ्या दाराचं शौचालय आहे का? अंपायर कुणाचा मेव्हणा आहे? आणि माइक कुणाच्या हातात आहे?

माइकचं जरा सांगते. एका गावात आमचा मुलगा बॅटिंगला उतरला. त्याचं नाव वाचून कॉमेंट्रीवाल्याने त्याला दुसऱ्या देशात पाठवून दिलं. लोक हसले. आयोजकही हसले. मुलाने चार चेंडू खेळले, आउट झाला, काही बोलला नाही. पुढच्या वर्षी टीशर्ट छापायला दिले तेव्हा मुलांनी स्वतःच ठरवून सांगितलं, ‘मॅडम, पाठीवर फक्त नंबर टाका. नाव नको.’ पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव पाठीवर नको वाटतं, याहून वाईट मैदान जगात कुठलं असेल?

आता आपल्या घरातलंही ऐकून घ्या. आपल्या मोहल्ल्यांतल्या स्पर्धांत पाहुण्या संघाला बिर्याणी पोटभर मिळते, हे मी खाऊन सांगते. पण बायकांना बसायला जागा असते का? आपल्या मुलीला शेजारच्या गावचा सामना बघायचा असेल तर ती कुठे उभी राहणार? तेहरानच्या मैदानाचं नाव आहे आझादी. त्या आझादीत इराणच्या बायकांना तिकीट काढून सामना बघायला सुमारे चाळीस वर्षं थांबावं लागलं. ऑक्टोबर 2019 मध्ये दार उघडलं, तेही महिनाभर आधी एका तरुणीने स्वतःला पेटवून घेतल्यावर. पाहुणा हरकत नाही, पण बाई नको, ही कुठली मेहमाननवाजी?

चांगलं मैदान कसं असतं, याचे दाखले आहेत. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबची मालकी 2010 पासून आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीकडे आहे. त्या क्लबने 2 मे 2022 ला आपल्या हिरवळीवर ईदची नमाज होऊ दिली. त्याच आठवड्यात इकडे महाराष्ट्रात भोंग्यांवरून हवा तापली होती. लिव्हरपूलला मोहम्मद सलाह आल्यावर मर्सीसाइड भागात द्वेषाचे गुन्हे 16 टक्क्यांनी घटल्याचं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडलं. स्टँडमधल्या माणसाची जीभ बदलली की रस्त्यावरचा हातही बदलतो.

पण दाखल्यासाठी इंग्लंडला तरी कशाला जायचं? आपण महाडचे आहोत. बाहेरून आलेल्याला पाणी मिळणार की नाही, हा प्रश्न 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावरच तर विचारला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेसाठी लोक पुन्हा महाडला आले. डॉ. आंबेडकर बोटीने येऊन दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून चालत आले. परिषदेला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. गाव विरोधात असताना त्यांनी पाहुण्यांना स्वतःची जमीन उघडून दिली. महाडच्या इतिहासातलं सर्वांत चांगलं मैदान ते. तिथे ना हिरवळ होती, ना दिवे.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि आपल्या जमातीच्या कमिट्यांना माझं सारखंच सांगणं आहे. प्रवेश फी घेता, मग चार गोष्टी द्या. पाहुण्या संघाच्या मांडवात आधी पाणी. बायकांना बसायला जागा आणि कडी लागणारं शौचालय. अंपायर तिसऱ्या गावचा. आणि माइक अशाच्या हाती, ज्याला खेळाडूचं नाव नीट उच्चारता येतं. कुणी नावावरून टोमणा मारला तर माइक तिथेच बंद करायचा, चषक कितीही हजारांचा असो.

याला फार खर्च येत नाही. हे करता येत नसेल तर पत्रिकेवर ‘पाहुणा संघ’ छापू नका, दुसरा शब्द शोधा.