सरकार बदलले, शपथपत्र बदलले

घुसखोरीचा विषय निघाला की, ‘या प्रश्नावर जनमत विभागलेले आहे’ असे आपले सेक्युलर विचारवंत सांगू लागतात. आसामचा अनुभव निराळा आहे. १९७९ साली मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या निमित्ताने मतदारयाद्यांमधील विदेशी नावांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि विद्यार्थ्यांनी पेटविलेले आंदोलन सहा वर्षे धगधगत राहिले. जनमत तेव्हाच स्पष्ट झाले होते. डळमळत होते ते राजकीय पक्ष.

१९८३ साली इंदिरा गांधींच्या सरकारने आयएमडीटी कायदा केला. उर्वरित भारतात, आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्यानुसार संबंधित व्यक्तीवर होता. आसामात मात्र तो तिच्यावरून काढून घेण्यात आला. तक्रारदार संशयिताच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा असावा, अशीही अट मूळ कायद्यात होती. घुसखोर शोधण्यासाठी केलेला कायदा घुसखोरांचेच कवच ठरला! १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला, २५ मार्च १९७१ ही निर्णायक तारीख ठरली आणि त्याच वर्षी आंदोलनातून जन्मलेली आसाम गण परिषद सत्तेवर आली. कायदा मात्र तसाच राहिला.

सर्बानंद सोनोवाल यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हाचा प्रसंग उद्बोधक आहे. २००० साली गण परिषदेच्या सरकारने कायदा रद्द व्हावा, असे शपथपत्र दिले. २००१ मध्ये काँग्रेसचे सरकार आले आणि कायद्याची पाठराखण करणारे नवे शपथपत्र दाखल झाले. राज्य तेच, सीमा तीच, घुसखोरीही तीच. बदलले होते ते केवळ मतांचे गणित.

१२ जुलै २००५ रोजी न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला आणि बाह्य आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करण्याच्या, घटनेच्या कलम ३५५ मधील केंद्राच्या कर्तव्याचे स्मरण करून दिले. तरीही २००६ साली केंद्राने आदेश काढून तीच सवलत मागच्या दाराने आणू पाहिली. तो आदेशही न्यायालयाला रद्द करावा लागला.

सारा दोष काँग्रेसच्या पदरात टाकून मात्र आपल्याला मोकळे होता येणार नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रीय नागरिक सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा १९,०६,६५७ अर्जदार तीबाहेर राहिले. केंद्रात आणि राज्यात भाजपाचेच शासन होते. या सूचीने कोणाचेच समाधान झाले नाही. खरे घुसखोर आत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, अनेक बंगाली हिंदूही, बाहेर अशी तक्रार झाली. पुढे वर्षानुवर्षे ती अधिसूचित झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. धर्मासाठी छळ सोसून आलेल्या हिंदूंना आश्रय देणे हे आपले कर्तव्यच आहे. पण आसामातून त्याला झालेला विरोध हा आपल्या भाषेच्या आणि भूमीच्या चिंतेतून होता, हेही समजून घेतले पाहिजे.

निर्वासित कोण, घुसखोर कोण आणि कागदाअभावी अडकलेला खरा नागरिक कोण, हा विवेक घोषणांनी होत नाही. त्यासाठी सुसज्ज न्यायाधिकरणे, निर्दोष नोंदी आणि बंदिस्त सीमा लागते. हे काम निवडणुकीच्या ऋतूपुरते नाही. शासन कोणाचेही असो, राष्ट्राचे शपथपत्र एकच असले पाहिजे. ते बदलणाऱ्याला, मग तो आपला असो वा परका, मतदाराने जाब विचारलाच पाहिजे!