बाळाच्या पायाला आधार हवा, पण कसला?



माझी लेक तेराव्या महिन्यात चालायला लागली. तिचे पाय इवलेसे आणि अरुंद. बारशापासून एकच ऐकत आले, "पाय किती बारीक गं! अंगावरचं दूध पुरत नाही का?" त्यामुळे पहिल्या वाढदिवसाला वन्सं घोट्यापर्यंतचे कडक बूट घेऊन आल्या, तेव्हा मला बरंच वाटलं. एक नंबर मोठे, म्हणजे वर्षभर पुरतील. चालताना पीं पीं वाजणारे. "यानं पायाला आधार मिळेल," त्या म्हणाल्या.

पुढे एका लग्नात ते तीन-चार तास पायात होते. घरी येऊन काढले तर दोन्ही टाचांवर फोड! पोर तीन दिवस उभी राहिली नाही, पुन्हा रांगायला लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी पाय पाहिले आणि हसून म्हणाले, पाय अगदी चांगले आहेत. बाळाचा तळवा सपाटच दिसतो, कारण तिथे चरबीची गादी असते. खोलगटपणा हळूहळू, पाच-सहा वर्षांपर्यंत येतो. घरात अनवाणी चालणं सगळ्यात चांगलं. बोटांनी जमीन धरता आली की तोल आपोआप येतो. बूट हवेत ते फक्त बाहेर, खडे-काचा आणि तापलेल्या जमिनीपासून जपायला.

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे: आधार म्हणजे कडकपणा नव्हे. आधार म्हणजे पायाला नीट बसणं. अरुंद पायाच्या बाळाला तर हे दुप्पट लागू. आपल्याकडे दुकानात नंबर मिळतो तो लांबीचा, रुंदी कुणी विचारत नाही. मग आपण एक नंबर लहान घेतो आणि बोटं दुमडतात, नाहीतर मोठा घेतो आणि टाच आत घसरत राहते. आमचे फोड त्यातूनच आले.

आता मी काय करते ते सांगते. संध्याकाळी बाळाला कागदावर उभं करून दोन्ही पायांची खूण करते. जो पाय मोठा, त्याचं माप धरायचं. पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा ठेवायची. बुटातली आतली गादी निघत असेल तर ती काढून त्यावर बाळाला उभं करायचं. दोन्ही बाजूंना गादी खूप उरली तर तो बूट रुंद. बिनपट्ट्याचे, नुसते सरकवायचे बूट अरुंद पायाला नकोत. वेल्क्रोचा पट्टा किंवा नाडी हवी, आणि ती आवळल्यावर टाच हलकेच ओढून पाहायची. निसटली तर बूट परत. सोल बोटांपाशी सहज वाकला पाहिजे. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा माप.

चामड्याचंही पाहायलाच हवं. दुकानदार "मऊ आहे, खरं लेदर आहे" असं कौतुकानं सांगतो. काही बुटांच्या आत छोटं चित्र असतं: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, चौकटच्या पत्त्यासारखा आकार म्हणजे इतर साहित्य. कापडाचे कॅनव्हास बूट हलके असतात, स्वस्तही पडतात. ज्या पावलांना आपण उद्या मुंगी वाचवून चालायला शिकवणार, त्यांना पहिलाच जोड कातड्याचा कशाला?

वन्संना हे सगळं सांगणं सोपं नव्हतं. पण प्रेमानं आणलेली वस्तूही बाळाला टोचत असेल तर बाजूला ठेवावी. मी त्यांना टाचा दाखवल्या. त्या गप्प झाल्या, आणि पुढचे कापडी बूट त्यांनीच माझ्याबरोबर येऊन निवडले.

एक मात्र लक्षात ठेवा. मूल लंगडत असेल, दुखतं म्हणून रडत असेल किंवा अठरा महिने होऊनही चालत नसेल, तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकी आमची चिमणी सर्वात छान चालते ती बस्तीत. बाहेर बूट काढले की गार फरशीवर अनवाणी तुरुतुरु धावते. तिथे कुणी तिला तिच्या पायाचं माप विचारत नाही.