मोडीचं सोनं मुशीत जाण्याआधी

येत्या आठ-पंधरा दिवसांत सोनं मोडायला निघालेल्या प्रत्येक घराला कळकळीची विनंती आहे: दोन दिवस थांबा. मुलीच्या कॉलेजची फी असेल, पेरणीचं बियाणं असेल, आईचं ऑपरेशन असेल. दागिना मोडूच नका, असं सांगायला हे लिहिलेलं नाही. सोनं अडीनडीसाठीच घेतलेलं असतं, आणि कुणी घालत नसलेला, डब्यात पडून राहिलेला डाग विकण्यात कमीपणा कसला? सोडायची आहे ती आपली एक सवय. दुकानात शिरायचं, रुमालाची गाठ सोडून डाग काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचं, "बघा बरं, किती येतील?" तिथून पुढचं सगळं समोरचा ठरवतो. डाग एकदा मुशीत वितळला, की त्याचं मूळ वजन किती होतं आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काय होता, हे सांगणारा पुरावाही वितळतो.

2025 साली तोळ्याने लाखाचा टप्पा ओलांडला आणि घरोघरचे डबे उघडू लागले. जोड हरवलेल्या कुड्या, तुटलेली साखळी, वाकलेली पाटली, बारशात आलेल्या आणि आता कुणाच्याच बोटात न बसणाऱ्या अंगठ्या. मोडीला गर्दी झाली, तशी मोघम घट धरण्याची, म्हणजे अंदाजाने वजन कापण्याची, जुनी पद्धतही तेजीत आली. पूर्वी गुंज-दोन गुंजा इकडेतिकडे झाल्या तर कुणी हुज्जत घालत नसे. तोळ्याच्या गुंजा 96. लाखाच्या भावाने एकेक गुंज हजाराच्या वर जाते. आज हुज्जत घालायलाच हवी.

कायद्याचं बळ विकत घेणाऱ्याच्या बाजूला अधिक आहे, हेही ध्यानात घ्या. हॉलमार्कच्या दागिन्यात सोनं कमी कसाचं निघालं, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च विकणाऱ्याने भरून द्यायचा, असा नियम आहे. पण सराफाला सोनं देताना तुम्ही स्वतःच विक्रेते असता, आणि ग्राहक संरक्षण कायदा मुख्यतः माल किंवा सेवा विकत घेणाऱ्याचा विचार करतो. त्यामुळे नंतर तक्रार घेऊन फिरण्यापेक्षा सगळी खबरदारी आधीच घेतलेली बरी.

सुरुवात घरातच करा. दागिन्यांची वाटणी करून ठेवा: भरीव एकीकडे, पोकळ आणि लाखेचे दुसरीकडे, मोत्या-खड्यांचे तिसरीकडे. प्रत्येकाचा फोटो काढा, शक्यतो मागच्या बाजूने, म्हणजे शिक्का दिसेल. पाटल्या, बांगड्या, गोठ, वेढणी यांत फारशी भानगड नसते. वेढणं शुद्ध सोन्याचं म्हणून घेतलेलं असेल, तर तपासणीत तसं निघाल्यावर भावही शुद्ध सोन्याचाच मागा. ते बांगड्यांच्या ढिगात घालून बावीस कॅरटने मोजू देऊ नका.

खरी गफलत होते ती आपल्या मराठी दागिन्यांत. बोरमाळेचा मणी बाहेरून टपोरा दिसतो, पण तो सोन्याच्या पातळ पत्र्याचा असतो आणि आत लाख भरलेली असते. मणी कापला की तपकिरी-लाल लाख दिसते. कोल्हापुरी साजाची पानं आणि मणी, जुन्या धाटणीचे कितीतरी हार याच जातीचे. ठुशीला गोंडा आणि दोरा असतो, नथीला मोती आणि खडे. म्हणून बोरमाळ काट्यावर 25 ग्रॅम भरली, तर ते वजन सोन्याचं नव्हे. इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. आजीने "अडीच तोळ्यांची" म्हणून दिलेल्या माळेचे अडीच तोळ्यांचे पैसे मिळतील, असं घरचे धरून चालतात; आणि दुकानदार लाख किती हे न दाखवता अंदाजाने "तीसेक टक्के जाईल" म्हणतो. अंदाज नको. मोती-खडे काढल्यावर उरलेल्याचं वजन करायला लावा, काढलेले मोती-खडे पुडीत बांधून परत घ्या. लाखेच्या दागिन्याचं निव्वळ सोनं गाळल्यावरच कळतं, त्यामुळे गाळण्याच्या आधीचं वजन लिहून घ्या आणि नंतरच्या लगडीचंही.

आजीच्या तोळ्याचीही एक गंमत आहे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आज बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. जुन्या चिठ्ठीवर 5 तोळे असेल आणि काटा 58 ग्रॅम दाखवत असेल, तर तो काट्याचा दोष नव्हे. 50 च दाखवत असेल, तर मात्र आठ ग्रॅम कुठे गेले ते विचारा.

आता टंच. हॉलमार्क नसलेलं जुनं सोनं विकायला बंदी आहे, अशी एक भीती सध्या पसरवली जाते. तसं काहीही नाही. 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय दुकानाने दागिना विकायचा नाही, असं ठरलं. ही बंधनं दुकानावर आहेत. तुमच्या घरातल्या जुन्या डागावर नाहीत. "पावती नाही, हॉलमार्क नाही, मग भाव कमीच लागणार" हे वाक्य कानावर आलं, की डाग उचला आणि बाहेर पडा. ओळखपत्र मागितलं तर जरूर द्या, तो सराफाचा हक्क आहे. पावती नसल्याने सोन्याचा कस उतरत नाही.

कस किती आहे, हे सराफाकडे जाण्याआधीच तुम्हाला कळू शकतं. भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेली तपासणी आणि हॉलमार्किंग केंद्रं आहेत आणि तिथे सामान्य माणूसही आपला दागिना तपासून घेऊ शकतो. ब्युरोने 2022 साली जाहीर केलेली फी चार डागांपर्यंत 200 रुपये, पाच किंवा जास्त असतील तर प्रत्येकी 45 रुपये. लाखाच्या मालासाठी एवढा खर्च म्हणजे काहीच नाही. नव्या दागिन्यावर एचयूआयडी असेल, तर ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका. कॅरट, दागिन्याचा प्रकार आणि कोणत्या केंद्रात तपासला, हे दिसतं. मोबाइलवर दिसलेलं 916 सराफाच्या काउंटरवर 840 कसं झालं, हे मग त्याने सांगावं.

दुकानातलं मशीनही वाईट नसतं. पण ते दागिन्याचा वरचा थर तेवढा वाचतं. जिथे जोडाची झाळ आहे तिथे टेकवलं तर टंच कमी दाखवेल, मुलामा असला तर जास्त. म्हणून एकाच जागी टेकवू देऊ नका. तीन-चार ठिकाणी बघायला सांगा आणि छापील चिठ्ठी मागून घ्या.

घट हा शब्द आला कुठून, तेही सांगतो. जुन्या काळी जोड झाळायला तांबं-चांदीचं मिश्रण वापरत. दागिना गाळला की ते सोन्यात मिसळे आणि कस खाली येई, त्यामुळे सराफ आधीच काही टक्के धरून ठेवत. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज टंच समोर निघतो, लगडीचं वजन समोर होतं. मग वरून आणखी "दुकानाची घट" कशाची?

आणि आता जो प्रकार सर्रास चालतो, तो आकड्यांत बघा. हिशेबाला सोपं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव 10 ग्रॅमला 1 लाख धरू. तुमच्या चार बांगड्या 40 ग्रॅमच्या, 22 कॅरटच्या, टंच 91.6. शुद्ध सोनं झालं 36.64 ग्रॅम, म्हणजे 3,66,400 रुपये. दुकानदार म्हणतो, "बावीसचा भाव ग्रॅमला 9,160." बरोबर. मग तो कॅल्क्युलेटरवर 40 ला 91.6 टक्क्यांनी गुणतो आणि आलेल्या 36.64 ला 9,160 चा भाव लावतो: 3,35,622. कस एकदा भावात कापला, पुन्हा वजनात कापला. तीस हजारांवर रक्कम गेली आणि प्रत्येक आकडा ऐकायला रास्त वाटला! साधा नियम ठेवा: भाव 24 चा असेल तर वजन टंचाने कमी करा, भाव 22 चा असेल आणि माल 22 चाच निघाला असेल, तर वजन तसंच ठेवा. दोन्हीकडे कापू देऊ नका. हिशेब तोंडी नको, कागदावर हवा. त्या कागदावर निव्वळ वजन, टंच, भाव आणि कापलेली प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत हवी. असा कागद तीन दुकानांतून आणा. कागद द्यायला जो नाही म्हणेल, तो यादीतून गेला.

गाळायचं ठरलं, तर समोर गाळा. मुशीपुढे बसलेला माणूस पुष्कळदा सांगली जिल्ह्यातला निघेल. विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं गाळणारे कारागीर, तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत. परराज्यात सोनं मोडणाऱ्या मराठी कुटुंबाने त्याच्याशी मराठीत दोन शब्द बोलावेत, मुशीला चिकटलेलं सोनं सोडवून घेईपर्यंत तिथेच थांबावं. "चहा घ्या, तोवर आत होऊन जाईल" या प्रेमाला भुलू नका.

"रोख नको, नवीनच घ्या, घट धरत नाही" हे आणखी एक आमिष. नवा दागिना हवाच असेल तर ठीक. पैसे हवे असतील, तर नव्याची मजुरी आणि 3 टक्के जीएसटी कशाला भरायचा? घरचा जुना डाग सराफाला विकताना मात्र तुम्हाला जीएसटी लागत नाही. हिशेबात तशी ओळ दिसली तर खोडायला लावा. गरज तीन-चार महिन्यांचीच असेल, तर मोडण्याऐवजी बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं का, तेही विचारा.

पैसे बँकेतच घ्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. दोन वर्षांहून जुन्या सोन्यावरच्या नफ्याला 12.5 टक्के कर लागतो; वारशाने आलेल्या सोन्यासाठी मूळ मालकाने घेतल्यापासूनचा काळ मोजतात. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारूनच पुढे जा.

घरातल्या पुरुषांना एक वेगळी विनंती. बायकोचं, आईचं, वहिनीचं सोनं तिच्या परस्पर मोडू नका. स्त्रीधन तिचंच, नवऱ्याच्या ताब्यात असलं म्हणून तो त्याचा वाटेकरी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात 1985 सालीच सांगितलं आहे. तिला सोबत न्या. पावती तिच्या नावाची, पैसे तिच्या खात्यात. "तिला काय कळतंय?" म्हणणाऱ्यांना सांगतो, कोणत्या मण्यात लाख आहे आणि कोणती पाटली कधी झाळली, हे घरात फक्त तिलाच माहीत असतं.

बचत गटांच्या ताईंनो, तुमच्यातल्या एखादीवर मोडायची वेळ आली तर तिला एकटीला पाठवू नका. दोघी सोबत जा. आणि दारावर "दागिने चकाकून देतो" म्हणत येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्याच्या पाण्यात तेजाब असतं, चकाकी येते ती तुमच्या सोन्यातून ग्रॅम-दोन ग्रॅम काढूनच.

सराफ बंधूंनाही जाहीर आवाहन आहे. विक्रीचा भाव तुम्ही दारात मोठ्या अक्षरांत लावता. त्याच फळ्यावर त्याच्या खाली मोडीचा भाव आणि तुमची कपात लिहा. तुमच्यातले सचोटीचे पुष्कळ आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं त्याशिवाय टिकत नाहीत. अशांना यात गमावण्यासारखं काही नाही. कुणी आपल्या गावात असा फळा लावला, तर लोकांनी मोडीसाठी आधी त्याच्याकडे जावं.

ज्यांना थांबणं शक्यच नाही, उद्या सकाळीच निघायचं आहे, त्यांनी निदान एवढं करा. आज रात्री फोटो आणि यादी. उद्या आधी तपासणी केंद्र, मग सराफ. काट्यावर काही ठेवण्यापूर्वी तो शून्यावर आहे ना ते बघा, वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का बघा, डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगा. हिशेबाचा कागद हातात पडल्यावरच मुशीला होकार द्या. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत काउंटरवरून उठू नका.